सफाक्सची संध्याकाळ

डब्यांचा पट्टा मंदावला तेव्हा माझा हात त्याच्या यंत्रणेच्या कपाटाच्या कडीवर होता. दार मी उघडलं नाही. पट्टा थांबला नव्हता, नुसता मंदावला होता. समोरच्या बायकांचे हात सवयीने पुढे निघून गेले आणि डबे मागे राहिले. मग हातांनाही कळलं, तेही हळू झाले. सगळा हॉल एकदम जुना झाल्यासारखा वाटला. "बघा," लहुसीन म्हणाला, "आली याला ग्लानी." लहुसीन म्हणजे पाळीचा मुकादम. गेले तीन दिवस तो मला फोनवर हेच सांगत होता. रमजान लागल्यापासून रोज दुपार कलली की पट्टा मरगळतो, पाव तास तसाच रेंगाळतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पळू लागतो, वर रोज मिनिटभर उशिरा. त्याच्या मते दोष हरीराचा, म्हणजे रोजा सोडायच्या सूपचा, होता. साऱ्या अगादीरमधल्या बायका याच सुमाराला हरीराचं पातेलं चढवतात, विजेवर भार येतो आणि पट्ट्याच्या अंगातलं बळ जातं. इलेक्ट्रिशियननेही मान डोलावली होती आणि दोन दिवस तो वीज मोजत बसला होता. "सी नौफल, तुमचं यंत्र रोजे धरतंय याबद्दल माझं काही म्हणणं नाही," लहुसीन म्हणाला, "पण निदान मगरिबपर्यंत, सूर्य मावळेपर्यंत तरी त्याने दम धरावा. आम्ही माणसं धरतो ना?" बायका हसल्या. बर्फातल्या सार्डिनचे ट्रे मागे साचत चालले होते आणि बर्फाचं पाणी आमच्या बुटांखालून गटाराकडे निघालं होतं.

मी हसलो नाही, कारण विजेचा दाब पडतो तेव्हा पट्टा असा मंदावत नाही हे मला ठाऊक होतं. दाब पडला की तो अडखळतो, गचका देतो. हा मंदावला तो कोणी झोपलेल्या मुलाच्या खोलीत शिरताना आवाज खाली आणावा तसा. ही रीत मी ओळखत होतो. एखाद्याची जिना उतरण्याची तऱ्हा ओळखावी तशी ओळखत होतो, आणि जिना उतरणारं माणूस इथे असणं शक्य नव्हतं, तरी मी पाठीमागे वळून पाहिलं. मागे फक्त ट्रे होते.

ओल्फा.

ट्युनिशियात, सफाक्सला आम्ही दोघं एका लहानशा कंपनीत होतो. कारखान्यांची यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम लिहायचो. कंपनी कसली, तळमजल्यावर टायरवाला आणि वर आम्ही. त्या वर्षी हरिसाच्या, म्हणजे मिरचीच्या चटणीच्या, कारखान्यात पट्टे बसवत होतो. रमजान होता, मिरचीच्या वासाने रोज्यात डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंडाला पाणी सुटायचं, दोन्ही एकदम. मगरिबची अजान झाली की पट्ट्यावरच्या बायका हातमोज्यांसकट खजूर तोंडात टाकायच्या. पट्टा तसाच पळत असायचा. एकीची बाही रुळात ओढली गेली. काही झालं नाही, बाही फाटली, बाई मोठ्याने हसली, पण ओल्फाचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पट्ट्याला सूर्य शिकवायचा." मी म्हटलं, "मालकाला विचार आधी." ती म्हणाली, "मालकाला विचारून सूर्य मावळतो का?" तिने तारखेवरून सूर्यास्त काढायचं गणित शोधलं, महिना रमजानचा आहे की नाही ते चंद्राच्या हिशेबाने ठरवायचं गणित शोधलं, एखादा दिवस इकडेतिकडे. आणि ते बरोबर आहे का हे पाहायला आम्ही दोघं कारखान्याच्या गच्चीवर जाऊन बसायचो. तिच्या मांडीवर लॅपटॉप, माझ्या हातात खजुराची पुडी. गावाच्या मागे सूर्य जायचा, हवेत जैतुनाच्या चोथ्याचा वास असायचा, ती पडद्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. "आता," ती म्हणायची, आणि खालच्या मशिदीतून अजान यायची, आणि आमच्या पायांखाली, गच्चीच्या स्लॅबमधून, पट्टा हळू झालेला तळव्यांना कळायचा.

जर सूर्य गेला असेल
तर हळू.
नाहीतर चालू दे.

एवढंच होतं ते, तेही रमजानात, पाव तासापुरतं. त्या तुकड्याला तिने नाव दिलं 'बश्वैया'. हळू, सबुरीने. आमच्या धंद्यात सगळे फ्रेंच नाहीतर इंग्रजी नावं देतात. ती आईच्या स्वयंपाकघरातली द्यायची.

मी कपाट उघडलं, लॅपटॉप जोडला. पट्ट्याच्या प्रोग्रॅमच्या मोठ्या ब्लॉकच्या पोटात, मोटार चालू करा, मोटार बंद करा, मोटार तापली तर ओरडा, या सगळ्याच्या खाली, बश्वैया होता. तो इथे कसा आला याचं मला नवल वाटायला नको होतं. आमच्या धंद्यात नवं कोणी लिहीत नाही. एका कारखान्यात नीट चाललेला ब्लॉक उचलायचा आणि दुसऱ्यात टाकायचा, त्यातून तिसऱ्यात. कोणी आत डोकावत नाही. चालतंय ना, मग हात लावू नकोस, हा आमचा एकमेव धर्म. सफाक्सची कंपनी बुडाली तेव्हा तिच्या प्रोग्रॅमांचा सगळा साठा कासाब्लांकाच्या कंपनीने घेतला, मी तिथे नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी. साखर, सिमेंट, दूध, कुठे कुठे फिरून तो आला असेल. जिथे दिवसाचीच पाळी असते तिथे संध्याकाळी पट्टा बंद असतो, मग हा गप्प पडून राहत असेल कित्येक वर्षं, आत, कोणाला न कळता. इथे या वर्षी मासा भरपूर आला, रमजानात पाळी लांबवली, आणि

आणि घड्याळ. मगरिबला अजून तासाहून जास्त वेळ होता. बाहेर समुद्रावर ऊन पिवळंधमक होतं. रमजानात इथली घड्याळं एक तास मागे घेतात, कपाटातल्या पॅनेलच्या घड्याळाला ते कोणी सांगितलं नव्हतं, ते ट्युनिसच्या वेळेवर उभं होतं. मी अक्षांश पाहिला. रेखांश पाहिला. ब्लॉक जिथे लिहिला गेला तिथलाच सूर्य तो अजून मोजत होता. म्हणजे या क्षणी, अगदी याच क्षणी, सफाक्समध्ये अजान झाली होती. चमचे वाजत होते. अगादीरमधला सार्डिनचा पट्टा त्या चमच्यांसाठी हळू झाला होता.

"सापडलं?" लहुसीनने विचारलं.

"बघावं लागेल," मी म्हणालो. "उद्या."

उद्या मी परत आलो, आणि परवाही. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मी लहुसीनला म्हणालो की नीट निरखावं लागेल, यंत्राचा दोष एकदा दिसून पुरत नाही. रोज त्या वेळेच्या थोडं आधी मी पट्ट्याच्या टोकाला जाऊन उभा राहायचो आणि मोटारीच्या पेटीवर तळहात ठेवायचो. मोटारीचं कापरं उतरत जायचं. ते उतरलं की मला कळायचं, आता. आता तिकडच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या असतील, आता एखादा उशीर झालेला माणूस घराकडे पळत असेल, आता ओल्फाने खजूर तोंडात टाकून बी तळहातावर घेतली असेल. ती बी तळहातावर घ्यायची आणि बराच वेळ टाकायची नाही, बोलता बोलता मुठीत धरून ठेवायची. तिच्या घरच्या चोर्बा सूपमध्ये पुदिना जास्त असायचा. अंडं भरून तळलेलं ब्रिक असायचं, आणि तिचे वडील मला म्हणायचे, "इंजिनिअर, ब्रिक खाताना शर्टावर अंडं सांडलं नाही तर तुला जावई करून घेतो," आणि दर वेळी सांडायचं. हे सगळं मोडलं असं कधी झालं नाही. मी इकडे मोरोक्कोला आलो, घर मिळालं की बोलावतो म्हणालो. तिचे वडील आजारी पडले, ती म्हणाली उन्हाळ्यानंतर बघू. उन्हाळ्यानंतर मीच एका दूरच्या कामावर होतो. मग ईदेला फोन, मग ईदेला संदेश, मग तिकडच्या ईदेच्या शरमूल्याच्या ताटाचा एक फोटो, त्याखाली काही लिहिलेलं नाही. पुढे ढकलता ढकलता ते इतकं दूर गेलं की तिथून दिसेनासं झालं. मी मात्र भाड्याची खोली बदलली नाही. चांगलं कपाट घेतलं नाही, कारण ते सफाक्सला नेता येणार नव्हतं. इथल्या भाजीवाल्याला मी अजूनही तिकडच्या शब्दांत मिरच्या मागतो, तो मुद्दाम मला गाजरं देतो आणि हसतो. पाव तास मोटार हलकी राहायची. मग कापरं पुन्हा चढायचं आणि माझा हात पेटीवर नुसताच राहायचा.

पट्ट्याच्या शेवटच्या जागेवर इज्जा उभी राहायची. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला लल्ला इज्जा म्हणत. डोंगरातल्या गावची, हात इतके जलद की डब्यात मासा ती ठेवते की मासाच उडी मारतो हे कळू नये. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही मोटार काय तुझी म्हैस आहे का? रोज येऊन थोपटतोस."

"तापते का ते बघतो, लल्ला."

"तापत तू असशील." बाजूच्या दोघी खिदळल्या. "हे बघ पोरा, पट्टा हळू होतो ते मला आवडतं. खोटं कशाला बोलू? पण तो भलत्या वेळी हळू होतो. आत्ता आम्ही सगळ्या इथे आहोत, हात रिकामे, मासा मागे कुजतोय. आणि मगरिबला थांब जरा, बघ काय होतं ते. रोज मोटार थोपटून पळून जातोस."

त्या दिवशी मी थांबलो. अजान झाली. पट्टा बंद ठेवता येत नव्हता, पुढे वाफेची भट्टी होती आणि ती रिकामी चालवणं मालकाला परवडत नव्हतं, म्हणून अर्ध्या बायका रोजा सोडायला गेल्या आणि अर्ध्या उभ्या राहिल्या. पट्टा पूर्ण वेगात. इज्जा दोन जागा सांभाळत होती. ओठांत खजूर धरलेला, तो चावायला फुरसत नाही. डबे अर्धेमुर्धे भरून पुढे जात होते, लहुसीन ते उचलून बाजूला फेकत होता आणि शिव्या देत होता, मग रोजा सुटायच्या आत शिव्या दिल्या म्हणून माफी मागत होता, मग पुन्हा देत होता. इज्जाने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं तिला. बी बाहेर येईपर्यंत तो खजूर तिच्या तोंडात किती वेळ फिरत होता ते मी पाहत राहिलो.

बाहेर आल्यावर फोन वाजला. कासाब्लांकाहून आमचे साहेब, सी तौफिक. दोष जुन्या ब्लॉकमध्ये आहे एवढं मी त्यांना कळवलं होतं. "नौफल, एवढ्याशा पट्ट्यासाठी आठवडा? गुरुवारी मासा विकत घेणारे लोक बघायला येतायत. ते भूत काढून टाक. सगळा जुना ब्लॉकच उपट आणि आपला नवा टाक. साधा, चालू-बंद. आणि साठ्यातूनही पुसून टाक, उद्या आणखी कुठे डोकं वर काढायचं."

"हो," मी म्हणालो.

"कोणी लिहिलं होतं ते, कळलं का?"

"नाही," मी म्हणालो.

पुसून टाकायचं. म्हणजे जगात कुठेच नाही. माझ्या मनात रात्रभर एकच गोष्ट उलटसुलट होत राहिली.

जर पुसलं
तर उद्यापासून सफाक्सला संध्याकाळ होईल आणि मला कळणार नाही.
जर नाही पुसलं
तर इज्जाच्या तोंडात खजूर.
जर

पुढचं वाक्य येत नव्हतं.

बुधवारी पट्टा मंदावला तेव्हा मी कारखान्याच्या मागच्या दारात उभं राहून ओल्फाला फोन केला. हीच वेळ मी मुद्दाम निवडली. ती ताटावर असेल, घाईत असेल, मला चार वाक्यांत आटपावं लागेल, आणि त्या चार वाक्यांत मागे चमचे वाजत असतील. तेवढेच ऐकायचे होते.

"अलो? नौफल?" तिचा आवाज लगेच आला. मागे चमचे नव्हते. कुठेतरी एक बारीक पोर फ्रेंचमध्ये हट्ट करत होतं. "सगळं ठीक ना? कोणी गेलं का?"

"कोणी नाही गेलं. तू जेवायला बसली असशील, नंतर करतो."

"जेवायला?" ती हसली. "अरे, इथे दुपार आहे. रोजा अजून अर्धा बाकी आहे. मी मॉन्ट्रियलला असते. आईने नाही सांगितलं तुझ्या? तिला माहीत आहे."

मी समुद्राकडे पाहिलं. "कधीपासून?"

"झाली की वर्षं. बाबा गेले त्याच्या पुढच्या थंडीत आले. लिफ्टच्या कंपनीत आहे. सगळा दिवस वर आणि खाली, वर आणि खाली." मग ती पोराला काहीतरी म्हणाली, आणि मला म्हणाली, "माझा आहे. पाच वर्षांचा. नाव विचारू नकोस, त्याच्या बापाने ठेवलंय. बोल, काय झालं?"

मी सांगितलं. पट्टा, हरीरा, इलेक्ट्रिशियन. ती इतकं हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "बश्वैया! मेला नाही तो अजून? अगादीरला? या अल्ला. आणि सफाक्सचा सूर्य बघून?"

"हो."

"मूर्खांनो! मी जागा दिली होती. दोन खण ठेवले होते बाहेरच्या बाजूला, अक्षांशाचा आणि रेखांशाचा. जो कोणी उचलेल त्याने आपलं गाव भरायचं. काहीच भरलं नाही तर बिचारा सफाक्स धरून चालतो, दुसरं काय करेल? कोणीच भरलं नाही? एवढ्या कारखान्यांत?"

"कोणी उघडूनच पाहिलं नाही."

"तू पाहिलंस ना."

"पाहिलं."

"कधी?"

मागे पट्टा अजून हळूच चालत होता, त्याचा आवाज तिलाही जात असावा. ती ऐकत होती. तिच्याकडच्या खोलीत कसलंतरी यंत्र गुरगुरत होतं, हीटर असेल, किंवा फ्रिज.

"अजून त्याच खोलीत राहतोस का रे तू?" तिने विचारलं. आता ती हसत नव्हती.

"हो."

"समुद्र दिसतो?"

"गच्चीवरून दिसतो. मी जात नाही."

"हं," ती म्हणाली. मला वाटलं, आता ती काही बोलेल. मीही काहीतरी बोलणार होतो, ओठांवर आलं होतं, साधंच होतं, कित्येक वर्षं जपून ठेवलेलं. पण ते वाक्य मी सफाक्समधल्या एका स्वयंपाकघरासाठी जपलं होतं, तिथे पुदिना होता, आणि त्या घरात आता कोण राहतं मला ठाऊक नव्हतं. मॉन्ट्रियलच्या दुपारी ते कसं म्हणायचं मला कळेना. "त्या बायकांची वेळ काय आहे?" तिनेच शेवटी विचारलं. "त्यांची अजान कधी होते?"

"अजून तासाभराने. थोडं जास्तच."

"मग भर की." आणि मग, "बोलवतायत मला. ईदेला फोन कर. नुसता फोटो पाठवू नकोस."

"फोटो तू पाठवला होतास."

"मी? बरं, मी. तू कर पण."

फोन ठेवला तेव्हा पट्टा पुन्हा पळायला लागला होता. इतके दिवस मी हात ठेवून कोणाच्या ताटाशी बसत होतो? तिथे कोणी नव्हतं. ती लिफ्ट दुरुस्त करत होती, पोराला बूट घालत होती, आणि मी एका रिकाम्या घराच्या संध्याकाळवर तळहात टेकून उभा होतो. राग यायला हवा होता. नुसती भूक लागली. रमजानात पहिल्यांदा मला नीट भूक लागली.

गुरुवारी सकाळी मी लवकर गेलो. पट्टा बंद होता, बायका अजून आल्या नव्हत्या, फरशीवर क्लोरीनचा वास. मी ब्लॉक उपटला नाही. साहेबांना काय सांगायचं ते नंतर. त्याच्या बाहेरच्या बाजूला दोन खण होते, खरंच होते, रिकामे. कित्येक कारखान्यांनी ते तसेच पुढे दिले होते. अक्षांश भरणं सोपं गेलं. रेखांश भरताना बोट अडलं. सफाक्स पूर्वेला आहे आणि हे गाव पश्चिमेला, तेव्हा आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह द्यावं लागतं. ते दिलं. गणितही ट्युनिसच्याच वेळेत होतं, म्हणून घड्याळाला हात लावावा लागला नाही. यंत्राने विचारलं, जुनं जाईल, चालेल का? या प्रश्नाचं बटण मी आयुष्यात हजारदा न वाचता दाबलं असेल. त्या दिवशी वाचलं. मग दाबलं.

दुपारनंतर मासा आला, आणि बर्फ आला नाही. बर्फाची गाडी बंदराच्या फाटकाशी अडकली होती, ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. लहुसीन टोपी काढून डोकं खाजवत होता. मासा विकत घेणारे लोक पांढरे कोट घालून ऑफिसात बसले होते. मी फाटकावर गेलो, पहारेकऱ्याशी भांडलो, ड्रायव्हरशी भांडलो, तो म्हणाला रोज्यात डोकं चालत नाही, मी म्हटलं गाडी तरी चालव. शेवटी गाडी आत आली तर फोर्कलिफ्ट बंद, मग आम्हीच गोण्या उतरवायला लागलो. लहुसीन, ड्रायव्हर, मी, आणि पट्ट्यावरून सुटून आलेल्या दोन-तीन बायका. मी गोणी खांद्यावर घेऊन ट्रेकडे पळत होतो. पाणी कॉलरमधून पाठीवर उतरत होतं. इज्जा ट्रेच्या वर फावडं घेऊन उभी होती आणि हुकूम सोडत होती. "इकडे! इकडे टाक, तिकडचा मासा काय तुझा मेहुणा आहे? हं. आणखी आण. अरे, मोटारीला थोपटतोस तसा अलगद नको ओतू, ओत!"

मी ओतत होतो. कितव्यांदा कोण जाणे. एकदा कंबर सरळ केली तर लहुसीन मनगटातल्या घड्याळाकडे बघत उभा होता, आणि मग पट्ट्याकडे. पट्टा भरधाव होता. डबे चमकत निघाले होते.

"सी नौफल," तो म्हणाला, "आज ग्लानी आली नाही त्याला. वेळ तर होऊन गेली की."

मी घड्याळ पाहिलं. होऊन गेली होती. चांगलीच होऊन गेली होती. तिकडे सूप संपलं असेल, कोणी हात धुवायला उठलं असेल. मी पट्ट्याकडे कान लावून पाहिलं, मग स्वतःकडे, आत कुठे काही हललं होतं का, एखादा क्षण जरा जड गेला होता का. काही आठवेना. त्या वेळी मी बहुतेक फाटकावर भांडत होतो, किंवा गोणीची गाठ सुटत नव्हती तेव्हाची गोष्ट असेल.

"काय झालं?" इज्जाने फावडं टेकवून विचारलं. "चेहरा का असा?"

"काही नाही, लल्ला."

"मग उभा काय राहिलास? वितळतोय तो."

माझ्या दोन्ही हातांत बर्फ होता आणि बोटं बधीर झाली होती. मी पुढे झालो.